संजीवन आणि अंत्यकाळ : एका रूढ समजाचे खंडन

कोल्हापूर, मिरज, सांगलीकडच्या आपल्या मंडळ्यांत संजीवन सभा भरल्या की एक मांडणी हमखास ऐकायला मिळते. युद्धे, भूकंप, रोगराई, इस्राएल राष्ट्राची स्थापना ही सारी लक्षणे पुरी होत आली. प्रभूचे दुसरे आगमन दाराशी आहे. आणि त्याआधी पवित्र आत्म्याचा असा वर्षाव होणार आहे की पेन्टेकॉस्टचा दिवसही त्यापुढे फिका पडेल. पूर्वी कधी झाले नाही असे संजीवन शेवटच्या पिढीत होणार, आणि ती पिढी म्हणजे आपण. ही शिकवण आता इतकी रुळली आहे की ती सिद्ध करण्याची गरजही कुणाला वाटत नाही. माझे म्हणणे असे की तिला शास्त्राचा आधार नाही, आणि जो इतिहास तिच्या बाजूने सांगितला जातो, विशेषतः आपल्या कोल्हापूरचा आणि केडगावचा, तो तिच्या विरुद्ध साक्ष देतो.

आधी पूर्वपक्षाला त्याचे पुरते बळ देऊ. योएलच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या आणि शेवटच्या पावसाचे वचन आहे आणि पाठोपाठ सर्व मनुष्यमात्रावर आत्मा ओतला जाण्याचे. याकोबाच्या पत्रात प्रभूच्या येण्याची वाट पाहणाऱ्यांना शेतकऱ्याचा दाखला दिला आहे, तिथेही हेच दोन पाऊस आहेत. या दोन जागा जोडून अर्थ लावतात तो असा: पहिला पाऊस यरुशलेमेत पडला, शेवटचा जगाच्या कापणीआधी पडायचा आहे. त्याला मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायाची जोड मिळते, कारण सर्व राष्ट्रांना सुवार्ता पोहोचल्यावर शेवट होईल असे तिथे प्रभूच सांगतो. आणि सगळ्यांत वजनदार आधार रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायाचा. परराष्ट्रीयांची भरती पुरी होईल, मग इस्राएलाचे तारण होईल, ही पौलाची आशा कुणालाही हलकी लेखता येणार नाही.

आता पावसाकडे पाहू. पलेस्तीनमध्ये पाऊस पडतो तो साधारण ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. पहिल्या पावसाने उन्हाने तडकलेली जमीन मऊ होते आणि नांगर चालतो. मार्च-एप्रिलमधल्या शेवटच्या पावसाने कणसात दाणा भरतो. हे दोन्ही पाऊस दरसाल पडतात. अनुवादाच्या अकराव्या अध्यायात आज्ञापालनाचे फळ म्हणून याच दोन पावसांचे वचन आहे, तेही वर्षाच्या रहाटीचा भाग म्हणून. योएल बोलतो आहे तो टोळधाडीने नागवलेल्या शेतकऱ्यांशी: तुमची शिवारे पुन्हा पिकतील, गेलेली वर्षे भरून मिळतील. पंचगंगेच्या काठचा शेतकरी वळवाला आणि मृगाला दोन हजार वर्षांच्या अंतरावरच्या दोन घटना समजत नाही. यहूदातला शेतकरीही समजत नव्हता. आणि याकोब त्या शेतकऱ्याला पुढे करतो तो धीर शिकवण्यासाठी. त्याच्या दाखल्यात भविष्याचे वेळापत्रक कुठेच नाही.

शिवाय योएलच्या वचनाचा अर्थ लावण्याचे काम आपल्यावर सोडलेलेच नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पेत्र उठून सांगतो की योएल जे बोलला ते हेच, आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत घडते आहे. योएलने नुसते ‘यानंतर’ म्हटले होते; पेत्राने त्या जागी ‘शेवटचे दिवस’ घातले. म्हणजे प्रेषितांच्या हिशेबाने शेवटचा काळ त्या सकाळी सुरू झाला. इब्री लोकांस पत्राची सुरुवात हेच गृहीत धरते, योहानाचे पहिले पत्रही तेच म्हणते. कोल्हापुरातली पहिली ख्रिस्ती प्रार्थना झाली तेव्हाही शेवटचाच काळ होता आणि आजही आहे. तेव्हा ‘अंत्यकाळात संजीवन येईल’ या वाक्यात खोटे काही नाही, पण त्यातून आपल्या पिढीला वेगळा मान काढता येत नाही.

शेवटाबद्दल नवा करार आणखी काय म्हणतो, हेही सभेत क्वचितच वाचले जाते. पुष्कळांची प्रीती थंडावेल, असे मत्तयाच्या त्याच चोविसाव्या अध्यायात आहे, आणि तेही सुवार्तेच्या वचनाच्या फक्त दोन ओव्या आधी. मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल का, हा प्रश्न लूकाच्या अठराव्या अध्यायात उत्तराविना ठेवला आहे. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात प्रभूच्या दिवसाआधी धर्मत्याग होईल असे सांगितले आहे. महासंजीवनाचा पक्ष एक ओवी घेतो आणि तिच्या शेजारची सोडतो. रोमकरांस अकरावा अध्याय राहतो. पौलाची आशा मीही धरतो. पण ती मांडून झाल्यावर पौल काय करतो ते पाहा. तो घटनांचा क्रम लावत नाही, देवाचे मार्ग कुणाला कळणार म्हणून स्तुतीत थांबतो. जिथे पौल थांबला तिथून पुढे तक्ता काढायचा अधिकार कुणाला आहे?

ही शिकवण आली कुठून, हे पाहिले की तिची सांधेजोड उघडी पडते. एका बाजूला जॉन नेल्सन डार्बी यांची एकोणिसाव्या शतकातली मांडणी आहे, जी १९०९ च्या स्कोफील्ड बायबलने जगभर नेली. तिच्यात इस्राएल, ख्रिस्तविरोधी, मंडळीचे वर उचलले जाणे हे सगळे आहे, पण मंडळीबद्दल तिचे मत पुरते निराशेचे आहे: मंडळी दिवसेंदिवस ढासळतच जाणार. दुसऱ्या बाजूला ‘शेवटच्या पावसा’ची शिकवण आहे. ती आधीच्या पेन्टेकॉस्टल लोकांत होतीच, पण फेब्रुवारी १९४८ मध्ये कॅनडातल्या नॉर्थ बॅटलफर्ड इथे सुरू झालेल्या चळवळीने तिला नवे बळ दिले. त्याच वर्षी मे महिन्यात इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि लक्षणे मोजणाऱ्यांचा उत्साह दुणावला. आज आपल्या व्यासपीठावरून या दोन्ही शिकवणी एकाच संदेशात सांगितल्या जातात. एक म्हणते मंडळी अंताकडे जाताना खंगेल, दुसरी म्हणते ती अंताआधी फुलेल. दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत, आणि श्रोत्याला हा विरोध कुणी सांगत नाही.

आता कोल्हापूर. या विषयाचा जगाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा धागा याच गावातून निघतो, आणि आपल्या तरुणांना तो ठाऊक नसतो याचे मला फार वाईट वाटते. रॉयल गुल्ड वायल्डर १८४६ मध्ये भारतात आले, आधी अहमदनगरला राहिले आणि १८५२ मध्ये त्यांनी कोल्हापुरात ठाणे मांडले. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ च्या दौऱ्यावर आले, तेव्हा शाळांचा पसारा आवरून उपदेशावर भर द्यावा असे धोरण ठरले. वायल्डर यांनी शाळांची बाजू सोडली नाही. पुढे बोर्डाशी त्यांचा संबंध तुटला. १८६१ मध्ये ते अमेरिकेहून परत आले ते कुठल्याही बोर्डाचा आधार नसताना, आणि १८७० मध्ये प्रेसबिटेरियन मिशनला जोडले जाईपर्यंत त्यांनी कोल्हापूरचे काम तसेच चालवले. शाळा चालवणारा माणूस वीस वर्षांनंतरचा विचार करतो.

त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. घर अमेरिकेत प्रिन्स्टनला गेल्यावर रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस मिळून प्रार्थना करत, आणि त्यांची मागणी होती मिशनसाठी हजार तरुणांची. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथे सुवार्तिक मूडींच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशात सेवेला जाण्याची तयारी दाखवली, त्यामागे या तरुणाची धडपड होती. त्यातून स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट उभी राहिली. या पिढीतच साऱ्या जगाला सुवार्ता, हे तिचे घोषवाक्य होते, आणि पुढच्या काही दशकांत वीस हजारांहून अधिक तरुण तिच्यामार्फत घर सोडून निघाले.

पूर्वपक्ष इथे बोट ठेवतो: पाहा, अंताच्या अपेक्षेनेच हे घडले! त्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. त्या चळवळीवर ज्यांची छाप होती त्या ए. टी. पिअर्सन यांनी १८८५ मध्येच शतक संपायच्या आत जगाला सुवार्ता पोहोचवण्याची हाक दिली होती, आणि प्रभूच्या लवकर येण्यावर त्यांचा भर होता. रॉयल वायल्डर यांनी सुरू केलेले मिशनरी रिव्ह्यू हे मासिक त्यांच्या मृत्यूनंतर चालवले तेही पिअर्सन यांनीच. पण १९०० साल उजाडले आणि गेले. त्याच वर्षी चळवळीचे धुरीण जॉन मॉट यांनी घोषवाक्यावर पुस्तक लिहिले आणि साफ सांगितले की हे भाकीत नाही, हे आमचे कर्तव्य आहे. चळवळीने स्वतःच आपल्या अंगची अंताची मोजदाद काढून टाकली, आणि ती काढल्यावरही माणसे निघतच राहिली. मग जोर कशात होता? ग्रेस वडिलांच्या मृत्यूनंतर आईसह परत याच मुलखात आली आणि खेड्यांतल्या बायकांत काम करत राहिली. त्याच पिढीतले विल्यम वानलेस १८८९ मध्ये आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, पुढे वैद्यकीय शिक्षण, कुष्ठरोग्यांची सेवा, क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडी. अंत जवळ आहे म्हणून घाई करणारा माणूस वैद्यकीय शाळा काढत नाही.

केडगावची साक्ष याहून स्पष्ट आहे. १९०५ च्या जानेवारीपासून पंडिता रमाबाई मुक्ती मिशनमध्ये रोज प्रार्थना चालवत होत्या. २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास वसतिगृहातली एक मुलगी जागी झाली. शेजारणीला ती ज्वाळांनी वेढलेली दिसली. शेजारीण धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, ओतणार तोच तिच्या लक्षात आले की हिला आग लागलेलीच नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाचा आठवा अध्याय शिकवत असताना मुली रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या वाल्पराइसोपर्यंत गेली आणि तिथल्या १९०९ च्या जागृतीला कारण झाली. सभांमधून ज्वाळांची गोष्ट नेहमी सांगतात आणि ती अंत्यकाळाची नांदी म्हणून सांगतात.

पण त्या मुली कोण होत्या? १८९६-९७ च्या मध्य प्रांतातल्या आणि १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात रमाबाईंनी मृत्यूच्या तोंडातून काढलेल्या. संजीवन आले ते अशा घरात, जिथे आधी भुकेल्याला जेवू घातले होते, अंध मुलींना ब्रेल शिकवली होती, माग आणि छापखाना चालू होता. आणि संजीवनानंतर रमाबाईंनी काय केले? इब्री आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवण्याचे काम त्यांनी मरेपर्यंत केले. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या. बायबल त्यांच्यामागून छापून निघाले. ज्वाळा पाहिलेल्या घराने पुढची वर्षे व्याकरणाच्या आणि खिळ्यांच्या कामात घालवली, हे आपल्या सभांत का सांगत नाहीत?

न्यू इंग्लंडचे पाळक जोनाथन एडवर्ड्स यांचा दाखला थोडक्यात देतो, कारण कोल्हापूरच्या मंडळीचे वैचारिक कूळ तिकडेच जाते. १७४० च्या दशकात न्यू इंग्लंडमधल्या जागृतीत त्यांना अंत्यकाळच्या वैभवाची पहाट दिसली होती. तो अंदाज इतिहासाने खरा ठरवला नाही. पण १७४१ मध्ये त्यांनी खऱ्या जागृतीच्या ज्या खुणा सांगितल्या (ख्रिस्ताविषयी आदर, पापाचा तिटकारा, शास्त्राची ओढ, सत्य, देवावर आणि माणसांवर प्रीती) त्या आजही कसोटी म्हणून वापरता येतात. त्या यादीत तारीख नाही आणि गर्दीही नाही.

या समजाने होणारे नुकसान मला किरकोळ वाटत नाही. काळ थोडा आहे, आता शिक्षण कशाला, नोकरी कशाला, असे बोलणारे तरुण भेटतात. पौलाने थेस्सलनीकातल्या अशाच रिकामटेकड्यांना काम करून स्वतःची भाकर खायला सांगितले होते. शेजारचा माणूस ‘कापणी’तला आकडा होऊन बसतो, आणि त्याला तसे वाटले की त्याच्या मनात आपल्याबद्दल शंका येणे साहजिक आहे. संजीवन आले नाही की दोष श्रोत्यांच्या अविश्वासाला दिला जातो आणि पुढच्या वर्षी तोच तक्ता नव्या बातम्या चिकटवून परत टांगला जातो. काळ-वेळ जाणणे तुमच्याकडे नाही, हे स्वर्गारोहणाआधीचे प्रभूचे उत्तर होते. शिष्यांनी ते मानले आणि माडीवर प्रार्थनेला बसले. आत्मा त्यानंतर आला.

आपल्या कित्येक मंडळ्यांत जागेवरून, पदांवरून भावाभावांत वर्षानुवर्षे दावे चालू आहेत. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, ही आज्ञा तक्त्यावर कुठेच नसते. येत्या हंगामात संजीवन सभा ठरवणाऱ्या पाळकांना आणि पंचांना माझी विनंती आहे: पहिली संध्याकाळ त्या आज्ञेला द्या, वादी-प्रतिवादींना समोरासमोर बसवा, दावे मागे घ्यायला लावा, आणि मग प्रार्थना सुरू करा.