सरबत, जुलाब आणि साखरेचा हिशेब

मढीच्या कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. रंगपंचमीला तिथे मोठी गर्दी होते. नगरहून पाथर्डीकडे जाताना तिसगाव लागले की मढी जवळच. फाल्गुनातले ऊन चटके देऊ लागलेले असते आणि रस्त्याच्या कडेला सरबताच्या गाड्या उभ्या असतात. लाल, हिरव्या, केशरी पाकाच्या बाटल्या, शेजारी गोणपाटात गुंडाळलेला बर्फ.

अशाच एका वर्षी तिसगावात काही शिक्षकांशी गप्पा चालल्या होत्या. एक गुरुजी म्हणाले, "यात्रेच्या आठवड्यात वर्गातली दोन-चार पोरं जुलाबानं आजारी पडतात. घरचे मग पोटात गारवा पडावा म्हणून त्यांना लाल सरबत पाजतात. सर, हे बरोबर की चूक?"

उत्तर 'चूक' असे एका शब्दात देता येते. पण ते का चूक आहे हे समजून घ्यायचे, तर सरबताचा इतिहास थोडा उलगडावा लागतो. गंमत म्हणजे त्या गुरुजींच्या प्रश्नातले 'सरबत' आणि 'जुलाब' हे दोन्ही शब्द एकाच घरातून आलेले आहेत.

अरबी भाषेत श-र-ब या धातूचा अर्थ पिणे. त्यावरून सरबत आणि शराब हे दोन्ही शब्द झाले. मुळात शराब म्हणजे कोणतेही पेय. दारू हा अर्थ पुढे चिकटला. इंग्रजीतला 'सिरप' हा शब्दही याच कुळातला. जुलाबाची कथा आणखी मजेशीर आहे. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे गुलाबपाणी. अरबीत 'ग' हा उच्चार नसल्याने त्याचे 'जुलाब' झाले आणि गुलाबपाण्यात केलेल्या साखरेच्या पाकाला ते नाव पडले. वैद्य आणि हकीम कडू औषधे या पाकातून देत, त्यांत रेचकेही असत. हा शब्द युरोपात गेला तेव्हा त्याचा 'ज्यूलेप' झाला, म्हणजे एक गोड पेय. आपल्याकडे मात्र आधी रेचकाला आणि मग रेचकाच्या परिणामालाच जुलाब म्हणू लागले. गुलाब हे नाव पाण्यावरून उतरून फुलाला मिळाले!

फारसी शब्द मराठीत येण्याच्या अनेक वाटा आहेत. त्यातली एक थेट नगरवरून जाते. अहमद निजामशहाने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य स्थापले. त्याचा मुलगा बुऱ्हाण याच्या दरबारात शाह ताहिर यांच्यासारखे इराणी विद्वान होते, आणि फारसी ही दरबारची भाषा होती. पण ही देवघेव एकतर्फी नव्हती. आपली 'शर्करा' फारसीत 'शकर' आणि अरबीत 'सुक्कर' झाली. 'खंड' म्हणजे खडीसाखर 'कंद' होऊन पश्चिमेला गेली. उसापासून साखर करण्याची कला इथून तिकडे गेली आणि साखरेत मुरवलेली औषधे तिकडून इकडे आली.

वनस्पतींचा गुण पाण्यात उतरवण्याच्या रीती आयुर्वेदात त्याआधीच नीट वर्गवारी करून मांडलेल्या होत्या. चरकसंहितेत स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट असे पाच प्रकार आहेत. हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवणे, फांट म्हणजे गरम पाणी ओतून झाकणे आणि क्वाथ म्हणजे उकळून आटवणे. यामागचे रसायनशास्त्र आज आपल्याला ठाऊक आहे. वाळा, पुदिना, तुळस यांचा वास बाष्पनशील तेलांमुळे येतो. उघड्या भांड्यात खळखळ उकळले तर ही तेले वाफेबरोबर निघून जातात. म्हणून वाळ्याच्या मुळ्या थंड पाण्यात भिजवाव्यात आणि पुदिन्यावर गरम पाणी ओतून झाकण ठेवावे. सुश्रुतसंहितेत पानकांचे, म्हणजे गोड-आंबट पेयांचे वर्णन येते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपण जे पन्हे देतो, त्याच्या नावात हे पानकच दडलेले आहे.

मात्र पानक हे करायचे आणि त्याच दिवशी प्यायचे. पाकाच्या रूपाने सरबत महिनोन्महिने टिकू लागले, ते कशामुळे? त्याचे उत्तर साखरेच्या प्रमाणात आहे. औषधशास्त्रातल्या साध्या पाकात वजनाने सुमारे ६६.७ टक्के साखर असते, म्हणजे १ भाग पाण्याला २ भाग साखर. २० अंश सेल्सिअसला पाण्यात जवळजवळ एवढीच साखर विरघळते. याचा अर्थ पाक हे जवळपास संपृक्त द्रावण आहे. अशा पाकात एखादा जीवाणू पडला तर परासरणामुळे त्याच्या पेशीतलेच पाणी बाहेर ओढले जाते आणि त्याची वाढ खुंटते. मोरावळा टिकतो तोही याच कारणाने. आपल्या सरकारने १९५५ मध्ये फळांच्या पदार्थांसाठी नियम केले, तेव्हा सरबताच्या पाकात विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के असावेत अशी अट घातली. हकिमांच्या अनुभवाला आलेला हा कायदेशीर आकडा होय.

एक अनुभव पुष्कळांच्या घरचा असेल. पाक दाट केला, तरी बाटलीत वरच्या बाजूला बुरशी आली. गरम पाक भरून लगेच बूच लावले की वाफ थंड होऊन तिचे थेंब पाकावर पडतात. वरचा पातळ थर सौम्य होतो आणि बुरशीला तेवढी जागा पुरते. म्हणून पाक पूर्ण निवल्यावरच बूच लावावे.

साखर आणखी कमी झाली तर काय होते? यीस्टला रान मोकळे मिळते. साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होऊ लागतात. आयुर्वेदातली आसवे व अरिष्टे याच रीतीने, धायटीची फुले घालून, मुद्दाम आंबवलेली असतात. त्यांत आपोआप तयार झालेले अल्कोहोल १२ टक्क्यांपर्यंत असू शकते. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला घातला गेला, तिथल्या विद्यार्थ्यांना मळीपासून मद्यार्क होतो हे सांगावे लागत नाही. सरबत आणि शराब या शब्दांतच नव्हे, तर बाटलीतही फरक साखर, पाणी आणि यीस्ट यांच्या हिशेबाचाच आहे.

आता गारव्याकडे वळू. 'आइन-इ-अकबरी'त सोऱ्याने पाणी थंड करण्याची रीत दिली आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो. त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याचे भांडे बुडवून फिरवायचे. पुढे १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनहून तळ्यांतला बर्फ जहाजाने कोलकात्याला आला आणि त्यानंतर मुंबईलाही येऊ लागला. आता गाडीवर बर्फ सहज मिळतो. पण तो कोणत्या पाण्याचा, हे पेल्याकडे पाहून कळत नाही. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत. यात्रेतल्या जुलाबांना बहुधा सरबताचा पाक जबाबदार नसतो; त्यात घातलेले पाणी आणि बर्फ असतो.

तर मग आजारी मुलाला सरबत द्यावे का? १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १ लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असे मिश्रण रुग्णांना पाजायला सुरुवात केली. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. यामागचे तत्त्व रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले होते. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतात, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात शिरते.

या मिश्रणात साखर साधारण २ टक्के आहे. पेल्यातल्या सरबतात ती १० ते १२ टक्के असते, आणि मीठ बहुधा नसते. इतके गोड द्रावण आतड्यात गेले की परासरण उलट्या दिशेने चालते. शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. पाकातल्या जीवाणूचे जे होते, त्याचाच हा सौम्य प्रकार.

गुरुजींना मी हेच सांगितले. साखर तीच, ६५ टक्क्यांना ती पाक टिकवते, १० टक्क्यांना जिभेला आवडते आणि २ टक्क्यांच्या आसपास, मिठाच्या सोबतीने, जीव वाचवते. जुलाब लागलेल्या मुलाला जलसंजीवनीचे पाकीट आणून द्यावे. ते मिळेपर्यंत उकळून निवलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. मीठ जास्त होऊ देऊ नये. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नये.

वर्गात तीन प्रयोग करता येतील. पहिला : बटाट्याची एक चकती साध्या पाण्यात आणि एक दाट पाकात दोन तास ठेवा. पाण्यातली ताठ होते, पाकातली लुळी पडते. दुसरा : खडूच्या बुडापासून थोड्या अंतरावर हिरव्या 'खस' पाकाचे दोन-तीन थेंब एकाच जागी सुकवा आणि खडू थोड्याशा पाण्यात उभा करा. थेंब पाण्याच्या पातळीच्या वर हवा. पाणी वर चढताना पुष्कळदा हिरव्यातून पिवळा आणि निळा वेगळे होतात. वाळ्याची मुळी मुळात तपकिरी असते, मग हा हिरवा कुठून आला, हे मुलांनाच विचारा. तिसरा : पेलाभर पाण्यात मूठभर युरिया विरघळवून त्याचे तापमान मोजा. सोऱ्याचा गुण त्यातही दिसतो. हे पाणी कोणी पिणार नाही याची काळजी घ्या आणि नंतर ते झाडांना घाला.

पुढच्या वर्षी यात्रेच्या आधी त्या गुरुजींनी शाळेच्या फळ्यावर साखर-मिठाचे प्रमाण लिहिले आणि मुलांकडून ते वहीत उतरवून घेतले. त्याखाली त्यांनी एक ओळ जोडली होती : "हे घरी आईला वाचून दाखवा."