रेल्वे नसलेल्या गावचा रेल्वेपटू

बीड शहरात रेल्वे यावी ही मागणी किती जुनी आहे, हे आमच्या भागातील वयोवृद्धांनाही नेमके सांगता येत नाही. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, परळी वैजनाथला, निजामाच्या काळापासून रूळ आहेत. मात्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण त्यांपासून वंचितच राहिले. नगर-बीड-परळी मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली, आणि प्रत्यक्ष बीडच्या स्थानकातून पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. ११ ऑक्टोबर १९७२ रोजी याच बीडमध्ये जन्मलेल्या संजय बापूसाहेब बांगर यांनी आपली जवळजवळ सारी क्रिकेट कारकीर्द भारतीय रेल्वेच्या संघासाठी खर्ची घातली, हा योगायोग म्हणूनच मला नुसता गमतीचा वाटत नाही.

बांगर महाराष्ट्राच्या आणि मुंबईच्या वयोगटातील संघांतून खेळले होते. पण प्रथम श्रेणीचे दार त्यांच्यासाठी उघडले ते १९९३-९४ च्या हंगामात, रेल्वेने. मराठवाड्यातील मुलाला मुंबईच्या मैदानांवर जागा मिळवायची तर स्पर्धा कोणाशी, हे वेगळे सांगायला नको. रेल्वेचा संघ मात्र निराळ्या न्यायाने चालतो. खेळाडू म्हणून भरती झालेल्या माणसाला पगार असतो, सरावाला रजा असते, आणि खेळ संपल्यावरही पोटाची भ्रांत नसते. अशा नोकरदारांच्या संघाने २००१-०२ मध्ये बडोद्याला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला आणि २००४-०५ मध्ये पुन्हा जिंकला. त्या वाटचालीत बांगर आघाडीवर होते. वीस वर्षांत १६५ प्रथम श्रेणी सामने, आठ हजारांवर धावा आणि ३०० बळी, हा हिशेब एखाद्या अलंकारिक खेळाडूचा नव्हे. तो रोज वेळेवर कामावर जाणाऱ्या माणसाचा आहे.

या माणसाच्या आयुष्यातला उजेडाचा दिवस २२ ऑगस्ट २००२. मालिकेत भारत ०-१ ने मागे होता आणि पहिल्या दोन कसोटींत सलामीला आलेल्या वसीम जाफरऐवजी हेडिंग्लेला बांगर यांना पाठवण्यात आले. आभाळ भरलेले, खेळपट्टी ओलसर, गोलंदाजांना हवे तसे सारे जुळून आलेले; आणि सौरव गांगुलीने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. धावफलकावर पंधरा धावा असताना सेहवाग परतला. त्यानंतर बांगर आणि राहुल द्रविड यांनी जे केले त्याला खेळ म्हणावे की व्रत, असा प्रश्न मला आजही पडतो. चेंडू सोडणे, अंगावर घेणे, मृदू हाताने खाली दाबणे, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. बांगर यांनी २३६ चेंडूंत ६८ धावा केल्या. दोघांची भागीदारी १७० धावांची झाली. त्या जोत्यावर पुढे द्रविडच्या १४८, तेंडुलकरच्या १९३ आणि गांगुलीच्या १२८ धावांचा वाडा उभा राहिला. भारताने ६२८ धावांवर डाव सोडला आणि कसोटी एक डाव आणि ४६ धावांनी जिंकली. १९८६ नंतर इंग्लंडमध्ये मिळालेला तो पहिला कसोटी विजय.

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्या आठवड्यात चर्चा झाली ती अर्थात सचिनच्या शतकाची. जोत्याकडे पाहण्याची रीत आपल्याकडे नाही.

पुढचे लवकर उरकले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूझीलंडच्या हिरव्या खेळपट्ट्यांवर चार डावांत भारताला एकदाही दोनशे धावा करता आल्या नाहीत. बांगरही अपयशी ठरले आणि हॅमिल्टनची कसोटी त्यांची शेवटची ठरली. १२ कसोटी, ४७० धावा, नागपूरला झिम्बाब्वेविरुद्धचे एक नाबाद शतक. २००३ च्या विश्वचषकाच्या चमूत त्यांचे नाव होते, पण एकही सामना वाट्याला आला नाही. रेल्वेसाठी मात्र ते त्यानंतरही जवळपास दहा वर्षे खेळत राहिले आणि २०१३ च्या आरंभी निवृत्त झाले.

वर्षभरातच ते पंजाबच्या आयपीएल संघाचे प्रशिक्षक झाले, आणि इथे नियतीने विनोद केला. २३६ चेंडूंचा हा तपस्वी ज्या संघाला शिकवू लागला त्यात मॅक्सवेल आणि मिलर होते! २०१४ मध्ये तो संघ साखळीत अव्वल ठरला. अंतिम सामन्यात साहाने शतक करूनही कोलकात्याने त्याला नमवले. त्याच ऑगस्टमध्ये, इंग्लंडमधल्या १-३ अशा पराभवानंतर, बांगर भारतीय संघाच्या फलंदाजीचे प्रशिक्षक झाले. विराट कोहलीने त्या दौऱ्यात दहा डावांत १३४ धावा केल्या होत्या. २०१८ मध्ये त्याच भूमीवर ५९३ केल्या. याचे श्रेय कोहलीच्या स्वतःच्या कष्टांना आधी, हे मान्यच आहे. पण मला बांगर यांची खूण अधिक दिसते ती २०१८-१९ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात. चेतेश्वर पुजाराने तेथे १२५८ चेंडू खेळून ५२१ धावा केल्या आणि भारताने ऑस्ट्रेलियात पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली. हेडिंग्लेचे गोत्र तेथे ओळखू येते.

२०१९ च्या विश्वचषकात उपांत्य सामना हरल्यावर धोनीला सातव्या क्रमांकावर का पाठवले, यावरून देशभर गदारोळ झाला. शास्त्री, अरुण, श्रीधर यांना मुदत वाढवून मिळाली; प्रशिक्षकवर्गातील एकट्या बांगर यांच्या जागी विक्रम राठोड आले. सामूहिक निर्णयाची किंमत एकाने मोजावी, हे मला तेव्हाही रुचले नव्हते. पुढे बंगळूरच्या आयपीएल संघाचे मुख्य प्रशिक्षकपद दोन हंगाम सांभाळून ते डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा पंजाबच्या संघाकडे गेले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी, दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे चार गडी ३२ धावांत बाद झाले होते. तेव्हा बीडच्या सचिन धसने कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागी रचली, स्वतः ९६ धावा केल्या आणि सामना वाचवला. तोपर्यंत बीडला रेल्वे आली नव्हती.