समुद्रकाठचे स्टेनलेस स्टील : ३०४, ३१६ की २०२?

स्टेनलेस स्टील गंजत नाही, हा समज आखाती किनाऱ्यावर फार काळ टिकत नाही. दुबई किंवा अबूधाबीत समुद्राकडे तोंड असलेल्या सज्जाच्या कठड्यावर तपकिरी डाग दिसू लागले, तर दोष बहुधा चुकीच्या निवडीचा असतो.

पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर तयार होतो. ओरखडा पडला तरी हवेतील प्राणवायूमुळे तो पुन्हा सांधला जातो. मात्र खाऱ्या हवेतील क्लोराइड या थराला जागोजागी भेदते आणि तेथे बारीक खड्डे पडतात. येथे पाऊस तुरळक. त्यामुळे दमट रात्री साचलेले मीठ आणि धूळ आपोआप धुऊन जात नाही.

सर्वाधिक प्रचलित ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. स्वयंपाकघरासाठी ते उत्तम. समुद्रकाठच्या उघड्या कामासाठी अपुरे. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमची भर पडते आणि क्लोराइडला तोंड देण्याची शक्ती याच थोड्याशा भरीने वाढते. बुर्ज खलिफाच्या बाह्यावरणात ३१६ एल वापरले आहे. ‘एल’ म्हणजे कमी कार्बन, ज्यामुळे वेल्डिंगच्या सांध्यालगत गंजण्याचा धोका घटतो. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांत याहून सरस डुप्लेक्स २२०५ (सुमारे २२ टक्के क्रोमियम) उपयोगी पडते.

भारतातून आणलेल्या भांड्यांत २०२ पुष्कळदा आढळते. त्यात महाग निकेलचा बराचसा वाटा मँगनीज घेते. कोरड्या डब्यांना ते चालते. लोणचे किंवा चिंचेचे सार मात्र त्यात साठवू नये. निकेलविरहित ४३० चुंबकाला चिकटते, म्हणून इंडक्शनच्या भांड्यांच्या तळाला लावतात. दुकानदार चुंबक लावून ‘अस्सल’ पोलाद सिद्ध करतो, ती परीक्षा फसवी आहे : ३०४ आणि २०२ दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही. मोठ्या खरेदीत कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागणे हाच खात्रीचा मार्ग.

कठडा ३१६ चा असला तरी अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावा. लोखंडी घासणी आणि क्लोरीनयुक्त ब्लीच त्याला लावू नये.