कोष्टकातून शेत कुठे गेलं?

व्हर्सायमध्ये पंधराव्या लुईच्या पदरी असलेल्या फ्रांस्वा केने या वैद्याने १७५८ मध्ये एक कोष्टक मांडलं. समाजात माल आणि पैसा कसा फिरतो, ते त्यात नागमोडी रेघांनी दाखवलेलं होतं. केनेच्या मते खरं वरकड उत्पन्न फक्त जमिनीतून निघतं. कारागीर त्याने ‘वांझ’ वर्गात टाकले. भारताच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचं गणित याच कोष्टकाच्या वंशातलं. आणि त्यात शेतीला स्वतंत्र रकानाच नव्हता!

हा उलटफेर मार्क्सच्या हातून झाला. ६ जुलै १८६३ रोजी एंगल्सला लिहिलेल्या पत्रात त्याने केनेच्या कोष्टकाच्या जागी स्वतःचं कोष्टक मांडलं. विभागणी आता वेगळी होती: एकीकडे उत्पादनाची साधनं, दुसरीकडे उपभोगाच्या वस्तू. म्हणजे ज्वारी एका रकान्यात गेली, कापूस दुसऱ्यात. एकाच शेतकऱ्याचं शिवार मधोमध चिरलं गेलं.

हीच विभागणी असलेला मार्क्सच्या ‘कॅपिटल’चा दुसरा खंड १८८५ मध्ये आला. पुढे १९२८ मध्ये सोव्हिएत नियोजन मंडळातल्या ग्रिगोरी फेल्डमन या अभियंत्याने त्या विभागणीवर वाढीचं गणित बसवलं: यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांकडे जितका वाटा जाईल, तितका लांब पल्ल्याचा वाढीचा वेग जास्त.

दुसऱ्या योजनेमागचे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं १९५३ मधलं दोन क्षेत्रांचं गणित जवळपास हेच सांगतं. म्हणून ते मॉस्कोहून आलं, असं मानणारे पुष्कळ. पण फेल्डमनला इंग्रजी वाचकांपुढे आणलं अर्थतज्ज्ञ एव्से डोमारने, तेही १९५७ मध्ये. दोघांचा आजोबा एक असला की नाक सारखं निघणारच. साम्याला मार्क्सचं कोष्टक पुरेसं आहे.

महालनोबिस यांनी १९५५ मध्ये क्षेत्रं चार केली. नव्या गुंतवणुकीचा एक तृतीयांश भांडवली वस्तूंना दिला. शेती मात्र घरगुती उद्योगांबरोबर एकाच क्षेत्रात बसवली. नांगर आणि हातमाग शेजारी-शेजारी. पावसावरचं शेत आणि मागावरचं कापड एकाच हिशोबात धरणं, ही या मांडणीतली सर्वांत महागडी चूक.

मुंबई विद्यापीठातल्या सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद या अर्थतज्ज्ञांनी १९५६ मध्ये या मांडणीवर वेगळा आक्षेप घेतला. मजुराला आधी धान्य आणि कापड लागतं, ते नसेल तर पोलादाच्या कारखान्यावर माणसं लावणार कशी, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताने अमेरिकेशी तिथल्या पीएल-४८० या कायद्याखाली धान्याचा करार केला. अन्नधान्यातली स्वयंपूर्णता १९६१ च्या तिसऱ्या योजनेत उद्दिष्ट म्हणून लिहिली गेली.