शकुंतलेच्या पानावर काय लिहायचं? : पात्रकोशांचा इतिहास आणि आपली नोंदवही

टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या रोलप्लेइंग खेळांतल्या पात्रांचा विकी बनवणं हे घरच्यांना रिकामटेकडं काम वाटतं. पण अशा विकीवर दोन महिने काम केलेल्या माणसाला एक प्रश्न नक्की पडलेला असतो, आणि तोच प्रश्न पीएचडीच्या पहिल्या वर्षात तुम्हाला पडणार आहे. एकाच पात्राबद्दल दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या असतील, तर पानावर काय लिहायचं?

मराठीत हा प्रश्न जवळपास दीडशे वर्षांचा आहे. पेट किंवा नेटची तयारी करताना 'साहित्याचा आढावा' हे प्रकरण आपण घोकतो, पण नोंद घेणं ही सुद्धा एक पद्धत आहे आणि तिला इतिहास आहे, हे कुणी फारसं सांगत नाही. म्हणून आजचा लेख त्यावर.

खेळातलं पात्र म्हणजे काय

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आणला. यात पट आणि सोंगट्या दुय्यम. प्रत्येक खेळाडू एक पात्र तयार करतो. त्याची ताकद, चपळाई, बुद्धी एका कागदावर आकड्यांत लिहितो आणि मग त्या पात्राच्या वतीने बोलतो. एकजण सूत्रधार असतो, काय घडलं ते तो सांगतो. अडचण आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा.

पुढे या खेळासाठी अख्खी जगं छापली गेली. 'फरगॉटन रेल्म्स' हे त्यातलं गाजलेलं, खेळाचा भाग म्हणून ते १९८७ साली आलं. त्यावर कादंबऱ्या निघाल्या. १९८८ साली आर. ए. साल्वातोरे यांच्या कादंबरीत ड्रिझ्ट नावाचं पात्र आलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मग गुंता सुरू झाला. खेळाचे नियम दर काही वर्षांनी बदलतात, नवी आवृत्ती येते, आणि त्याच पात्राचे आकडे पुन्हा नव्याने मांडावे लागतात. कादंबरीतलं पात्र, जुन्या नियमांतलं पात्र आणि नव्या नियमांतलं पात्र, नाव एकच. शिवाय तुमच्या-माझ्या टेबलावर त्याचं जे काही होईल ते चौथं.

हे सगळं एकत्र ठेवायला विकी आयता सापडला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला विकी २५ मार्च १९९५ रोजी सुरू केला. 'विकी' हा हवाईयन शब्द, अर्थ 'झटपट'. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचं नाव त्यांनी उचललं. २००१ मध्ये विकिपीडिया आला, २००३ मध्ये मराठी विकिपीडिया. चाहत्यांनी आपापल्या आवडीच्या जगांचे विकी काढले, आणि 'खरं कुठलं?' या वादाला प्रत्येकाने आपलं उत्तर शोधलं. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी मालिका-चित्रपटांसाठी एक विकी ठेवला आणि कादंबऱ्या-कॉमिक्ससाठी दुसरा. 'स्टार वॉर्स'मध्ये २०१४ साली मालक कंपनीने जुन्या कादंबऱ्या अधिकृत कथेतून बाहेर काढल्या. तेव्हा तिथल्या विकीने एकाच पात्राची दोन पानं केली, एक अधिकृत आणि एक जुन्या कथांचं, वर दोन टॅब. जुनं पान पुसलं मात्र नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मराठीत हे काम आधी झालंय

आता आपल्याकडे या. पुराणांतली आणि महाकाव्यांतली पात्रं ही जगातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या 'कथाविश्वां'पैकी एक. रघुनाथ भास्कर गोडबोले यांनी १८७६ साली प्राचीन व्यक्तींचा मराठी कोश छापला. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. आणि १९३२ साली पुण्यात सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा 'भारतवर्षीय प्राचीन चरित्रकोश' आला. पुढे १९३७ मध्ये मध्ययुगीन आणि १९४६ मध्ये अर्वाचीन चरित्रकोश.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात चित्रावांचा कोश असेल तर एकदा हातात घ्या. दोन गोष्टी लगेच दिसतील. एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असतील तर त्यांना क्रमांक दिलेत, वंश सांगितलाय. विकीवर आपण ज्याला 'निःसंदिग्धीकरण' म्हणतो ते हेच. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची: विधानामागे कंसात ग्रंथाचं संक्षिप्त नाव आणि अध्यायाचा आकडा आहे. म्हणजे 'अमका तमक्याचा मुलगा' एवढ्यावर चित्राव थांबत नाहीत, ते कुठे म्हटलंय तेही सांगतात. एकाच नोंदीत महाभारत, हरिवंश आणि एखादं पुराण शेजारी शेजारी येतात, आणि त्यांचं पटत नसेल तर ते वाचकाला दिसतं.

याच सुमारास पुण्यातच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती. काम १९१९ साली सुरू झालं. १९२५ पासून वि. स. सुखठणकर प्रमुख संपादक होते. १९६६ साली ते पूर्ण झालं, १९ खंडांत. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. वर स्वीकारलेला पाठ, खाली पाठभेद. नाकारलेला श्लोकसुद्धा फेकला नाही, तळटीपेत किंवा परिशिष्टात ठेवला, आणि तो कुठल्या हस्तलिखितात आहे ते लिहिलं. विकीच्या प्रत्येक पानामागे 'इतिहास' नावाचा टॅब असतो ना, जुने बदल दाखवणारा? कल्पना तीच.

शकुंतलेचे चार थर

एक उदाहरण पूर्ण करून बघू. आसनगावहून कल्याणच्या बाजूला लोकल पकडली की वाशिंद, खडवली आणि मग टिटवाळा. आमच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या लोकांना टिटवाळा म्हणजे महागणपती. आणि तिथला गणपती शकुंतलेने स्थापन केला, ही इथली जुनी समजूत. समजा, आपल्याला शकुंतलेचं पान करायचंय.

• शतपथ ब्राह्मण: सर्वांत जुना थर. इथे भरत राजाचा उल्लेख येतो आणि त्याची आई शकुंतला. पण इथे ती स्वतःच अप्सरा आहे. मेनकेची मुलगी वगैरे काही नाही.

• महाभारत, आदिपर्व: चिकित्सक आवृत्तीत अध्याय ६२ ते ६९. मेनका-विश्वामित्रांची मुलगी, कण्वाने वाढवलेली. गांधर्वविवाहाआधी ती अट घालते, माझा मुलगा राजा होईल. पुढे मुलाला घेऊन दरबारात जाते. राजाला सगळं आठवत असतं, तरी तो 'ओळखत नाही' म्हणतो. ती रडत बसत नाही, भर सभेत त्याला सत्य म्हणजे काय ते सुनावते. शेवटी आकाशवाणी होते आणि राजा म्हणतो, लोकांना शंका येऊ नये म्हणून मी असं केलं. इथे अंगठी नाही. शाप नाही. राजाचं नावही या आवृत्तीत 'दुःषन्त' असं छापलंय.

• कालिदासाचं नाटक: दुर्वासांचा शाप, पाण्यात पडलेली अंगठी, मासा, कोळी. राजा खरोखरच विसरलेला आहे. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं ते याच नाटकावरून, त्यामुळे मराठी घराघरांत पोचली ती अंगठीवाली शकुंतला.

• टिटवाळा: इथे कण्वाचा आश्रम होता, पतीपासून दुरावलेल्या शकुंतलेला कण्वाने गणेशाची उपासना करायला सांगितली आणि तिचं दुःख मिटलं. जुळून आलेल्या लग्नांचा गणपती ही आजची श्रद्धा यातूनच आलेली.

आता हे चारही एकत्र करून 'शकुंतलेचं चरित्र' लिहा. काय होतं? 'महाभारतातली शकुंतला. दुष्यंत शापामुळे तिला विसरला. अंगठी सापडल्यावर त्याला आठवलं.' इंटरनेटवर अशी वाक्यं तुम्हाला शेकड्याने सापडतील. वाचायला गोड, पण यात राजा निर्दोष सुटला आणि शकुंतलेचं दरबारातलं भाषण गेलं. महाभारतात राजा जाणूनबुजून खोटं बोलतो, नाटकात तो शापाचा बळी आहे. दोघांची नैतिक बाजू पूर्ण वेगळी. गोष्टी जोडताना आपण निवाडाही करून टाकतो, आणि तो केला हे कुठेच लिहीत नाही.

चुकीची चिठ्ठी : तानसाचा वनपिंगळा

मी विज्ञान शाखेचा, त्यामुळे हे 'फक्त साहित्यवाल्यांचं' दुखणं नाही हे सांगायला एक उदाहरण घरचं देतो. तानसा अभयारण्यात २०१४ साली वनपिंगळ्याची नोंद झाली. हा लहानसा घुबडाचा प्रकार. त्याचं शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केलं. खात्रीचा शेवटचा नमुना १८८४चा, आणि नंतर शतकभर पक्षी कुणालाच सापडला नाही.

यामागे एक कारण चिठ्ठी हेही होतं. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या संग्रहात या पक्ष्याचा एक नमुना होता, त्यावर लिहिलेलं: गुजरात, मांडवी, १९१४. लोक त्या भागात शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तो मुळात एकोणिसाव्या शतकात खानदेशात गोळा केलेला नमुना होता. संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावलेली. भुसा-कापूस भरण्याची पद्धत मूळ संग्राहकाची होती, त्यावरून चोरी पकडली गेली. ती चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या जुन्या नमुन्यांच्या जागी शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ वनपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी.

पक्षी खरा होता, चिठ्ठी खोटी होती. 'महाभारतातली' शकुंतला आणि तिच्या बोटात कालिदासाची अंगठी हाही तसाच प्रकार. फरक इतकाच की इथे कुणी चोरी केलेली नाही, फक्त चिठ्ठ्या जपून ठेवल्या नाहीत. वाचणारा मात्र तितकाच भलतीकडे जातो.

मग नोंद कशी करायची

माहितीचा सर्वांत लहान तुकडा 'पात्र' नाही, 'विधान' आहे. प्रत्येक विधानाला स्वतःची चिठ्ठी हवी. तुमच्या एक्सेलमध्ये एका ओळीत एकच विधान ठेवा आणि शेजारी हे रकाने करा: कुठून घेतलं, कुठली आवृत्ती, पान किंवा अध्याय, स्वतः पाहिलं की दुसऱ्याने उद्धृत केलेलं, केव्हा नोंदवलं. आवृत्तीचा रकाना टाळू नका. महाभारताच्या अध्यायांचे आकडे आवृत्तीप्रमाणे बदलतात, आणि खेळाच्या नियमपुस्तकाचेही. दोन विधानांचं पटलं नाही तर एक खोडू नका. दोन्ही ठेवा. निवड करायचीच असेल तर ती वेगळ्या रकान्यात, कारणासकट.

सगळ्यात अवघड नोंद चौथ्या थराची. टिटवाळ्याच्या गोष्टीला अध्याय क्रमांक नाही. म्हणून अनेकजण ती 'दंतकथा' या डब्यात टाकतात किंवा सोडून देतात. माझ्या मते दोन्ही चूक. कण्वाचा आश्रम टिटवाळ्यात होता, असं आपण म्हणू शकत नाही. पण 'टिटवाळ्यात लोक असं मानतात' हे विधान पूर्ण खरं आहे आणि त्यालाही चिठ्ठी लावता येते: कुणी सांगितलं, कुठल्या गावी, कुठल्या वर्षी, त्यांच्या परवानगीने. टेबलावरच्या खेळात जसं प्रत्येक गटाचं पात्र थोडं वेगळं जगतं, तसंच हे. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात मुखवटे लावून देवादिकांची सोंगं नाचवतात. तिथला रावण कुठल्या ग्रंथातला, हा प्रश्नच चुकीचा. तो त्या गावचा रावण आहे, आणि त्याची चिठ्ठी त्या गावच्या नावाची.

छापील कोशांना हे जमणं कठीण होतं, जागा मर्यादित आणि हाताशी ग्रंथच. विकीला जागेची अडचण नाही. त्यामुळे आज एखादं गावचं रूप पानावर आलं नाही, तर 'जागा नव्हती' ही सबब चालणार नाही. ती सांगणारी माणसं मात्र म्हातारी होत चालली आहेत.

संशोधनाचा प्रस्ताव लिहिण्याआधी एक सराव करा. कुठलंही एक पात्र घ्या, पुराणातलं, नाटकातलं किंवा तुमच्या खेळातलं. त्याच्याबद्दल तुम्हाला पाठ असलेली दहा विधानं लिहा आणि प्रत्येकासमोर चिठ्ठी लावायचा प्रयत्न करा. किती ओळी रिकाम्या राहतात ते मोजा. ग्रंथालयात पहिल्या दिवशी काय शोधायचं, याची यादी त्या रिकाम्या ओळींतूनच तयार होईल.