क्षारतामापनाची साधने आणि सागरी मत्स्यपेटी

अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरमधून कल्याणकडे जाऊन उल्हास नदीस मिळते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काल देणारा शिलालेख बाळगणारे हे शिलाहारकालीन देवालय ज्या प्रवाहाच्या काठी उभे राहिले, तो मूळचा गोड्या पाण्याचा ओढा होय; आज कारखान्यांच्या आणि वस्तीच्या सांडपाण्याने तो ओळखू येऊ नये इतका बिघडला आहे, ही गोष्ट वेगळी. हेच पाणी कल्याणच्या खाली भरतीच्या पाण्यात मिसळत जाऊन वसईच्या खाडीने समुद्रास मिळते. ते नेमके कोठे खारे झाले असे म्हणावयाचे? भरती-ओहोटीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे ती सीमा पुढेमागे सरकते. जिभेला पाणी खारट लागते एवढेच कळते. किती खारट, हे जीभ सांगू शकत नाही. क्षारतामापनाच्या साधनांचा सारा इतिहास या "किती"चा इतिहास आहे.

हा प्रश्न केवळ भूगोलाचा नाही. अंबरनाथ किंवा बदलापूर येथे राहून घरात समुद्रातील मासे पाळणाऱ्यास समुद्राचे पाणी सहज मिळत नाही. गोड्या पाण्यात विकत घेतलेले सागरी लवणमिश्रण विरघळवून त्याला आपला समुद्र स्वतःच तयार करावा लागतो. लंडनच्या शौकिनांपुढे एकोणिसाव्या शतकात हीच अडचण होती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यगृह उघडल्यावर समुद्राचे पाणी दुरून आणण्याचा खर्च जाणवू लागला, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याने चार लवणांपासून कृत्रिम सागरजल बनविण्याची कृती प्रसिद्ध केली. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय समुद्राच्या अगदी काठावर होते. अंबरनाथच्या घरातील पेटीची स्थिती मात्र गॉसच्या लंडनसारखीच आहे.

चूक झाली तर काय होते, हे प्राण्याच्या शरीररचनेवर अवलंबून असते. सागरी अस्थिमत्स्याच्या शरीरातील द्रव समुद्राहून कमी खारा असतो. त्यामुळे त्याच्या शरीरातील पाणी सतत बाहेर झिरपते; तो समुद्राचे पाणी पितो आणि कल्ल्यांवाटे जादा लवण बाहेर टाकतो. थोडाफार फरक त्याला सोसतो. तारामासा किंवा समुद्रफूल यांना अशी व्यवस्था नाही. बाहेरचे पाणी जसे, तसा त्यांच्या आतील द्रव. क्षारता एका रात्रीत चार-पाच एककांनी उतरली तर मासा कदाचित तगेल. तारामासा तगेल याचा भरवसा नाही. शिवाय पेटीतील पाणी उडून जाते आणि लवण मागे राहते: शंभर लिटरांतून तीन लिटर पाणी उडाले की सहस्रांश ३५ ची क्षारता ३६ च्या वर जाते.

मोजण्याचे सर्वांत जुने साधन तरंगते नळकांडे होय. पाचव्या शतकाच्या आरंभी सायनेसियसने अलेक्झांड्रियाच्या हायपेशियास लिहिलेल्या पत्रात त्याचे वर्णन आहे, आणि अल्-खाझिनी याने ११२१ च्या आपल्या तराजूविषयक ग्रंथात ते सविस्तर दिले आहे. फ्रेंच औषधशास्त्रज्ञ आंत्वान बोमे याने १७६८ मध्ये त्याला मिठाच्या द्रावणांवर आधारलेली अंशपट्टी दिली: शुद्ध पाणी म्हणजे शून्य, शंभर भागांत पंधरा भाग मीठ असलेले द्रावण म्हणजे पंधरा. ही पट्टी भारतातील मिठागरांत रुळली. समुद्राचे पाणी साधारण साडेतीन अंश बोमे असते. उन्हात आटत ते पंचवीस अंशांच्या आसपास पोहोचले की मीठ पडू लागते, आणि तीस अंशांच्या सुमारास उरलेले कडू पाणी सोडून द्यावे लागते, नाहीतर मॅग्नेशियमची लवणे मिठात शिरतात. मिठागराच्या कामास यापेक्षा सोयीचे साधन नाही. मत्स्यपेटीस मात्र ते निरुपयोगी आहे. बोमेच्या एका अंशात क्षारतेची सुमारे नऊ एकके मावतात. म्हणजे आगऱ्याच्या दृष्टीने ज्याला फरक म्हणता येणार नाही, तेवढ्यात तारामासा मरून जाईल.

म्हणून मत्स्यपालक विशिष्ट गुरुत्वाची बारीक पट्टी असलेले काचेचे द्रवघनतामापक वापरू लागले. ते उत्तम साधन आहे, पण त्यात एक खोच आहे, आणि ती आपल्याकडे विशेष नडते. अशी पुष्कळ उपकरणे ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे साडेपंधरा अंश सेल्सियस, या तपमानास जुळवलेली असतात. ते थंड देशांतील खोलीचे तपमान. कोकणातील पेटीचे पाणी २८ अंशांच्या आसपास असते. क्षारता ३५ असलेल्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व त्या उपकरणावर १.०२७ च्या जवळ दिसावयास हवे. उष्ण पाण्यात ते १.०२३५ च्या आसपासच दिसते. कोष्टक न पाहणारा पालक पाणी चार एककांनी कमी खारे आहे असे समजून मीठ वाढवतो. उपकरण खोटे बोललेले नसते. त्याला विचारलेला प्रश्न चुकलेला असतो. स्वस्त प्लास्टिकच्या डबीतील हलत्या काट्याची गोष्ट याहून वाईट आहे. काट्यास हवेचा एखादा बुडबुडा चिकटला की काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्याहून खारे दिसते. उलट त्यावर लवणाचा थर साचला तर तो खाली राहतो. एकाच काट्यात दोन्ही दिशांच्या चुका वसतात, आणि त्या कोणत्या दिवशी कोणत्या दिशेस आहेत ते कळत नाही.

रसायनशास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग धरला. योहान फोर्खहॅमर याने १८६५ मध्ये दाखविले की निरनिराळ्या समुद्रांत लवणांचे एकूण प्रमाण कमीअधिक असले तरी त्यांचे परस्परांशी गुणोत्तर जवळजवळ स्थिर असते. चॅलेंजर जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जमविलेल्या ७७ नमुन्यांच्या पृथक्करणावरून विल्यम डिटमार याने १८८४ मध्ये त्यास पुष्टी दिली. मग सर्व लवणे मोजण्याचे कारण उरले नाही. एक क्लोराइड मोजले की पुरे. ते मोजण्याची रीत कार्ल फ्रीड्रिख मोर याने दिलेली होतीच: पोटॅशियम क्रोमेट घातलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडावे, आणि क्लोराइड संपताच तांबूस रंग उमटतो. मार्टिन क्नूडसेन याने विसाव्या शतकाच्या आरंभी या मापनाचे तक्ते बांधले आणि कोपनहेगनहून बंद काचनळ्यांत प्रमाण सागरजल पाठविण्याची व्यवस्था रूढ झाली. क्नूडसेनच्या सूत्रात क्लोराइड शून्य असले तरी क्षारता ०.०३० उरते. हा दोष गणिताचा नव्हे. त्याच्या नऊ नमुन्यांत बाल्टिक समुद्राचे पाणी होते, आणि तेथे नद्यांनी आणलेली निराळी लवणे मिसळलेली असतात. उल्हासच्या खाडीसारख्या ठिकाणी हाच प्रकार घडणार, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे: स्थिर गुणोत्तराचा नियम खुल्या समुद्राचा आहे, खाडीचा नव्हे.

पुढे रोलंड कॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विद्युत्-संवाहकतेस प्राधान्य मिळवून दिले. १९६६ मध्ये युनेस्कोने नवे तक्ते प्रसिद्ध केले; त्याच वर्षी, हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर, गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. १९७८ च्या व्यावहारिक क्षारता मापनश्रेणीने क्षारतेची व्याख्याच संवाहकतेच्या गुणोत्तरावर बसविली: १५ अंशांवर प्रत्येक किलोग्रॅम द्रावणात ३२.४३५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असलेल्या द्रावणाइतकी संवाहकता ज्या सागरजलाची असेल त्याची क्षारता ३५. घरगुती संवाहकतामापकातही हेच तत्त्व आहे. मात्र एका अंश तपमानास संवाहकता सुमारे दोन टक्क्यांनी बदलते, म्हणून त्यातील तपमान-संस्कार बिघडला तर सारेच बिघडते.

आजच्या मत्स्यपालकाच्या हाती बहुधा वक्रीभवनमापक असतो. अर्न्स्ट आबे याने १८७४ मध्ये या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. पाण्याचा एक थेंब पुरतो, बुडबुड्याचा त्रास नाही, किंमतही आवाक्यातील. त्याचा दोष पट्टीत आहे. पुष्कळ स्वस्त उपकरणांची पट्टी साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते, सागरजलासाठी नव्हे. आणि केवळ ऊर्ध्वपातित पाण्याने शून्य जुळविले तर पट्टीच्या दुसऱ्या टोकाची चूक तशीच राहते. जेथे मोजावयाचे तेथेच, म्हणजे ३५ च्या जवळ, उपकरण पडताळले पाहिजे. शंभर ग्रॅम द्रावणात ३.६५ ग्रॅम साधे मीठ असले की त्याचा वक्रीभवनांक ३५ क्षारतेच्या सागरजलाशी जुळतो. पण हेच द्रावण काचेच्या घनतामापकासाठी चालणार नाही. तेथे मीठ ३.७१ ग्रॅम लागते. संवाहकतामापकासाठी ३.२९ ग्रॅमच पुरते. तीन साधने तीन निरनिराळे गुण मोजतात, म्हणून एकाच मिठाचे तीन निरनिराळे वजन त्यांना "समुद्र" वाटते.

यापैकी कोणते निवडावे, याचा निर्णय अंबरनाथच्या पालकास एवढ्यावरून करता येतो: हलत्या काट्याची डबी वगळावी, घनतामापक घेतल्यास तपमानाचे कोष्टक जवळ ठेवावे, वक्रीभवनमापक असल्यास महिन्यातून एकदा प्रमाण द्रावणाने पडताळावा. ते द्रावण घरी करताना खडेमीठ वापरू नये. त्यात ओल असते, आणि पावसाळ्यात ती आणखी वाढते. वजनात मिठाऐवजी पाणीच भरते आणि द्रावण कच्चे राहते. कोरडे बारीक मीठ तव्यावर शेकून, निववून, मग तोलावे. तयार द्रावण घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवावे. बूच सैल राहिल्यास तेही पेटीतील पाण्याप्रमाणे उडून दाट होते.