काडतूस कोणी निवडलं?

1872 साली स्कॉटलंडच्या जॉन फार्कर्सनने एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफलीचं पेटंट घेतलं. तरफ ओढली की मागचा ठोकळा खाली सरकतो. मॅगझिन नाही, म्हणून आखूड आणि हलकी करता येते. पण हलकी रायफल खांद्याला दणका जास्त देते, तेव्हा काडतूस विचार करूनच निवडायचं.

हिंदुस्थानात मात्र ही निवड शिकाऱ्याच्या हातात उरली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने .450 बोअरवर बंदी घातली. फौजेच्या मार्टिनी-हेन्रीला चालणारं काडतूस बंडखोरांना मिळेल ही भीती. सत्तावनची धास्तीच म्हणा. मग इंग्लंडच्या कारागिरांनी .465, .470 काढली. वाघ तोच, हत्तीही तोच!

एनसीसीत मी .303 चालवली. नागरिकांसाठी आपली ऑर्डनन्स फॅक्टरी बनवते ती .315.